हुप्प्या बदलला की पिल्लं का मरतात? धारवाडच्या वानरांचं प्रकरण

माझ्या आजोळी, कोकणात, घरामागच्या फणसावर एक वानरीण दोन दिवस मेलेलं पिल्लू छातीशी धरून बसली होती. मी तेव्हा चार दिवस राहायला गेले होते. पिल्लू अजून काळंच होतं, म्हणजे फार तर दोन-तीन महिन्यांचं, त्याचा एक हात सुटून खाली लोंबत होता आणि फांदी बदलताना दर वेळी ती तो हात उचलून परत आत घ्यायची, मग थोडी पानं खायची, मग त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलायची. तिसऱ्या दिवशी टोळीबरोबर दिसली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

मामा म्हणाला टोळीत रोग आलाय. मामी म्हणाली, रोगबिग काही नाही गं, तो नवा हुप्प्या आलाय ना, तोच मारतोय, वेडा झालाय तो.

झालं होतं असं की साधारण दीड महिन्यापूर्वी जुना हुप्प्या, म्हणजे टोळीचा मोठा नर, गावानेच पकडवून दिला होता. फार सोकावला होता तो, स्वयंपाकघरात शिरायचा, कौलं फोडायचा, शाळेत जाणाऱ्या एका पोराच्या अंगावर धावून गेला तेव्हा लोकांनी पकडणाऱ्यांना बोलावलं, पिंजरा लागला, त्याला लांब जंगलात नेऊन सोडलं आणि सगळे सुटलो म्हणाले. त्यात गावाची काही चूक नव्हती, पोराला चावला असता तर काय? तेव्हा टोळीत अंगावरची चार पिल्लं होती, मामीने मोजलेली, कारण ती रोज मागच्या पडवीत बसून सुपाऱ्या सोलते आणि टोळी समोरच असते. मी गेले तेव्हा एक उरलं होतं, चौघांतलं सगळ्यात मोठं.

आता हे स्पष्ट सांगते की हुप्प्याला चावताना मी पाहिलेलं नाही, मामीनेही एकदाच त्याला पिल्लावर झेप घेताना पाहिलं आणि नंतर आरडाओरडा ऐकला. त्यामुळे आमच्या टोळीत नक्की काय झालं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण अगदी हाच प्रकार, एक नर काढला, दुसरा आला आणि पिल्लं मेली, साठ वर्षांपूर्वी मुद्दाम करून बघितलेला आहे आणि लिहूनही ठेवलेला आहे, आणि तोही आपल्या शेजारी, बेळगावपासून साधारण ७५-८० किलोमीटरवर, धारवाडला. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या जगात ह्या एका प्रकरणावरून जवळजवळ चाळीस वर्षं भांडण चाललं, आणि मराठीत ह्यावर नीट वाचायला मिळत नाही म्हणून म्हटलं सगळंच लिहून काढावं.

धारवाड

१९६१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातून युकिमारू सुगियामा धारवाडला आले, बरोबर केंजी योशिबा आणि इथले एम. डी. पार्थसारथी. जपानी लोकांची पद्धत वेगळी होती, ते टोळीतला प्रत्येक प्राणी चेहऱ्याने ओळखायचे, वर्षानुवर्षं तोच तो बघायचे आणि कोण कोणाबरोबर बसतं, कोण कोणाला हाकलतं हे लिहीत राहायचे. धारवाडच्या पश्चिमेच्या पानझडी जंगलात वानरांच्या भरपूर टोळ्या होत्या, एका टोळीत साधारण पंधरा-सोळा जण, आणि बहुतेक टोळ्यांत मोठा नर एकच. माद्या जन्मतात त्याच टोळीत मरतात, म्हणजे टोळी म्हणजे खरं तर आज्या, मावश्या, बहिणी, भाच्या. नर मात्र वयात यायला लागले की बाहेर पडतात किंवा बाहेर काढले जातात आणि मग नुसत्या नरांच्या टोळक्यांत फिरतात. हे टोळकं कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांसारखं असतं, नजर सगळी दुसऱ्याच्या घरावर.

१९६२ मध्ये असंच सात नरांचं टोळकं सुगियामांच्या पाहणीतल्या एका टोळीवर चालून आलं. बरेच दिवस मारामाऱ्या झाल्या, जुना नर हरला आणि टोळी सोडून गेला, त्याच्यामागोमाग टोळीतले लहान-मोठे नर बच्चेही बाहेर पडले. मग त्या सातांतल्या एकाने उरलेल्या सहांनाही पळवून लावलं आणि टोळी एकट्याकडे घेतली. आणि त्यानंतर पिल्लं चावली जाऊ लागली, एकामागून एक. ज्यांची पिल्लं गेली त्या माद्या थोड्याच दिवसांत माजावर आल्या आणि त्याच नराबरोबर त्यांनी समागम केला.

सुगियामांनी पुढे जे केलं ते आजच्या काळात कोणी करू देणार नाही. त्यांनी दुसऱ्या एका टोळीतला एकुलता एक मोठा नर पकडून बाजूला केला, बाकी काही केलं नाही, फक्त बघत बसले. बाहेरचा नर आला, टोळी ताब्यात घेतली आणि तिथेही पिल्लांना चावे बसले. म्हणजे पहिली घटना योगायोग म्हणावी तर दुसरी हाताने घडवलेली होती. १९६५ आणि १९६६ मध्ये हे पेपर छापून आले.

सुगियामांनी लिहिताना फार जपून लिहिलंय, ते म्हणत नाहीत की नर असं अमुकसाठी करतो. टोळीत बदल झाला, नर उत्तेजित होता, माद्या पुन्हा माजावर आल्या, असं ते मांडतात. कारण त्या काळात ह्याचं कारण सांगायला शब्दच नव्हते असं म्हटलं तरी चालेल.

लोकांना हे पटेना, का?

तेव्हा वानर म्हणजे शांत प्राणी अशीच माहिती होती. फिलिस जे नावाच्या अमेरिकन बाईंनी १९५८ ते १९६० दरम्यान उत्तर प्रदेशातल्या कौकोरीला आणि मध्य भारतातल्या ओरछाला वानर पाहिले होते, आणि त्यांना दिसलं ते खरंच शांत होतं, एकेका टोळीत अनेक नर, भांडणं कमी, नुकतंच जन्मलेलं पिल्लू पहिल्याच दिवसापासून ह्या मावशीकडून त्या मावशीकडे फिरतंय. हे अजूनही कुठल्याही देवळाच्या आवारात बघायला मिळतं, काळं पिल्लू हातोहात जातं आणि आई निवांत खात बसते. पिल्लाचा रंग काळपट आणि मोठ्यांचा राखाडी, त्यामुळे ते लांबून उठून दिसतं, साधारण चार-पाच महिन्यांत रंग बदलतो.

दुसरं कारण जास्त खोल होतं. १९६२ मध्येच विन-एडवर्ड्स ह्यांनी अशी मांडणी केली होती की प्राणी आपल्या गटाच्या भल्यासाठी वागतात, संख्या जास्त झाली तर स्वतःच जन्म कमी करतात वगैरे. कॉनराड लोरेंझही सांगत होते की जनावरं आपल्याच जातीच्या जिवाला सहसा धक्का लावत नाहीत. आता ह्या चौकटीत पिल्लं मारणारा नर बसवायचा कुठे? पिल्लं मारून जातीचं काय भलं होणार? बसत नाही म्हटल्यावर एकच खण उरतो, विकृती. गर्दी झाली, माणसं खायला घालतात, जंगल तुटलं, म्हणून प्राण्याचं डोकं फिरलं. म्हणजे मामीचंच उत्तर, वेडा झालाय तो.

१९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्स ह्यांनी ही गटाच्या भल्याची कल्पना पार उलटीपालटी केली. त्यांचं म्हणणं असं की निवड मुख्यतः एकेका जिवाच्या पातळीवर होते, ज्याची पोरं जास्त जगली त्याच्या सवयी पुढे गेल्या, जातीचं भलं होतं की वाईट हा प्रश्नच निसर्गाला पडत नाही. मला कॉलेजात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बरेच दिवस अस्वस्थ वाटलं होतं, कारण आपण लहानपणापासून 'प्रजाती टिकावी म्हणून' हे शब्द टीव्हीवर इतके ऐकलेले असतात की ते खरंच असणार असं वाटतं. आजही नव्वद टक्के मराठी निवेदनांत ते वाक्य असतंच, आणि ते चुकीचं आहे.

अबू

१९७१ मध्ये सारा ब्लॅफर हर्डी नावाची हार्वर्डची विद्यार्थिनी राजस्थानात माउंट अबूला आली. तिची सुरुवातीची कल्पना गर्दीचीच होती, अबूला गावात, बाजारात, देवळांत वानर खच्चून आहेत, तर तिथे हा प्रकार सर्रास असणार आणि गर्दीमुळे डोकं फिरतं हे सिद्ध होईल. १९७५ पर्यंत ती येत राहिली, साधारण दीड हजार तास टोळ्यांमागे चालली.

आणि तिला दिसलं काय? तर नुसत्या गर्दीने काही होत नव्हतं. खचाखच भरलेल्या टोळीतही नर तोच असेल तर पिल्लं त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची, शेपूट ओढायची, तो हूं की चूं करायचा नाही. हिलसाइड नावाच्या टोळीत 'मग' (इंग्रजीत Mug) नावाचा नर होता, त्याला हटवून शिफ्टी आला आणि लहान पिल्लं नाहीशी झाली. पुढे शिफ्टी शेजारच्या बाजार टोळीकडे गेला, तेव्हा 'मग' परत हिलसाइडमध्ये आला, आणि आता 'मग' पिल्लांच्या मागे लागला, कारण आता तिथली पिल्लं त्याच्या गैरहजेरीत झालेली होती. तोच नर, तीच टोळी, तीच जागा, तीच गर्दी. बदललं फक्त एवढंच की पिल्लू कोणाच्या काळातलं आहे. मला ह्या सगळ्या प्रकरणात हा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वेडाची थिअरी इथे टिकतच नाही, वेडा माणूस कॅलेंडर बघून वेडेपणा करत नाही.

ह्याच टोळीत सोल नावाची एक म्हातारी मादी होती, तिला स्वतःला पिल्लू होणं केव्हाच थांबलेलं, टोळीत तिचं स्थान अगदी खालचं, कोणीही तिला उठवून तिच्या जागी बसायचं. आणि 'मग'ने जेव्हा एका तरुण आईच्या पिल्लावर झेप घेतली तेव्हा मध्ये पडली ती हीच, तिच्याबरोबर पॉलेस नावाची, पंजा नसलेली आणखी एक वयस्क मादी. दोघी त्या नराच्या अंगावर धावून गेल्या, जो त्यांच्यापेक्षा कितीतरी दांडगा आणि सुळेवाला. आपल्याकडे बिरबलाची गोष्ट सांगतात ना, हौदात पाणी सोडलं, नाकातोंडाशी आलं तेव्हा माकडीण पिल्लाच्या डोक्यावर उभी राहिली, ती गोष्ट ऐकली की मला आता सोल आठवते.

म्हातारीच का? हॅमिल्टन ह्या जीवशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये नात्यागोत्याचा जो हिशोब मांडला होता तो इथे लागू पडतो. तिला स्वतःला आणखी पोरं होणार नाहीत, म्हणजे जखम झाली तर तिचं गमावण्यासारखं थोडं, आणि समोरचं पिल्लू बहुतेक तिच्या मुलीचं, भाचीचं, नातीचं, म्हणजे तिच्याच रक्ताचं. तरुण मादीने तोच धोका पत्करला तर तिच्या पुढच्या पाच-सहा बाळंतपणांवर पाणी.

हिशोब

आता मूळ प्रश्न. नराला ह्यातून मिळतं काय?

नराची टोळीवरची सत्ता फार टिकत नाही. अबूला सरासरी सव्वादोन वर्षांच्या आसपास, म्हणजे साधारण २७ महिने धरा. वानराचं गर्भारपण साधारण २०० दिवस, म्हणजे साडेसहा महिने. पिल्लू वर्षभर तरी दूध पितं, आणि ते नीट पीत असताना आई सहसा माजावर येत नाही. हे तीन आकडे एकत्र ठेवले की सगळं उलगडतं.

समजा नवा नर आला तेव्हा एका मादीच्या अंगावर तीन महिन्यांचं पिल्लू आहे. तो थांबला तर पिल्लाचं दूध सुटायला आणखी नऊ-दहा महिने. मग मादी गाभण, साडेसहा महिने. म्हणजे त्याचं स्वतःचं पिल्लू जन्मतं साधारण सतराव्या महिन्यात. सत्ताविसाव्या महिन्यात जेव्हा पुढचा नर येऊन ह्याला हाकलेल तेव्हा ते पिल्लू असेल दहा महिन्यांचं, दूध पिणारं, म्हणजे नेमकं मारलं जाणाऱ्यांतलं. आता उलट धरा. पिल्लू पहिल्याच महिन्यात मेलं, मादी लवकरच माजावर आली, त्याचं पिल्लू आठव्या-नवव्या महिन्यात जन्मलं, आणि तो हाकलला जाईल तेव्हा ते दीड वर्षाचं, दूध सुटलेलं, आपल्या पायावर पळणारं. हा ढोबळ हिशोब आहे, जागोजागी महिने पुढेमागे होतात, पण थांबणाऱ्या नराच्या पोरांची आणि न थांबणाऱ्याच्या पोरांची गत काय होते ते त्यातून कळतं.

आणि ह्यातली अडकण बघा, ह्याला घाई कशाची आहे? तर पुढचा येणारा मारेल ह्याची. आणि पुढच्याला घाई त्याच्या पुढच्याची. सगळ्यांनीच थांबायचं ठरवलं असतं तर सगळ्यांचंच भलं झालं असतं, पण असं ठरवणारं कोणी नाही, आणि नव्वद थांबणाऱ्यांत एक न थांबणारा निघाला तरी पोरं त्याचीच जास्त उरतात.

हे सगळं नराला कळतं का? अजिबात नाही. त्याला ना २७ माहीत ना साडेसहा. इथेच लोकांची गल्लत होते. निको टिंबर्गन ह्यांनी १९६३ मध्ये सांगून ठेवलंय की प्राण्याच्या वागण्याला 'का' विचारलं की ते चार वेगळे प्रश्न असतात: आत्ता अंगात काय घडून तो असा वागला, वाढताना हे त्याच्यात कसं आलं, ह्याचा जगण्या-वाढण्याला उपयोग काय, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या इतिहासात हे कुठून आलं. नराच्या डोक्यात बहुधा एवढंच साधं काहीतरी असणार, जिच्याबरोबर आपण कधी जुगलो नाही अशा मादीच्या अंगावरचं अनोळखी पिल्लू दिसलं की चवताळायचं. ते साधं काहीतरी पिढ्यान्‌पिढ्या टिकलं का, त्याचं उत्तर वरचा हिशोब. चवताळणं हेही खरं आणि हिशोब हेही खरं, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत ती. गावात आपण एकच उत्तर शोधतो आणि मग वेड नाहीतर सूड एवढेच दोन शब्द हाती लागतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातून वानरांनी कुत्र्याची पिल्लं उंचावर नेल्याच्या बातम्या आल्या तेव्हाही देशभर 'सूड' हाच मथळा होता. तो प्रकार वेगळा, त्याची तुलना इथे करायची नाहीये, पण प्राण्याच्या पोटात माणसाचं मन घालून मोकळं व्हायची सवय तीच.

माद्या नुसत्या बघत बसतात का

नाही, आणि हे हर्डीच्या आधी कोणी नीट विचारलंच नव्हतं. माद्यांकडे नरासारखे मोठे सुळे नाहीत, आकार नाही, पण डाव आहेत.

एक डाव असा. नवा नर आला तेव्हा जी मादी आधीच गाभण आहे ती त्याला समागमाला बोलावते. वानरीण बोलावते ती पाठ करून, शेपूट खाली टाकून आणि डोकं भरभर थरथरवून, एकदा पाहिलं की परत चुकत नाही. तिच्या अंगावर माजाची कुठलीही सूज वगैरे दिसत नाही, त्यामुळे ती खरंच माजावर आहे की नाही हे नराला दिसून कळायची सोय नाही. मग चार-पाच महिन्यांनी पिल्लू झालं तर नराच्या लेखी ती 'आपल्याबरोबर जुगलेली'. बाप कोण हा गोंधळ जितका जास्त तितकं पिल्लू सुरक्षित.

काही वेळा आई पिल्लू घेऊन हाकललेल्या नराच्या मागे टोळीबाहेर जाऊन राहते. आणि जिथे टोळीत अनेक नर असतात तिथे मादी अनेकांबरोबर जुगते. गीरमध्ये सिंहिणी हेच करतात, तिथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की त्या आजूबाजूच्या वेगवेगळ्या नरांच्या जोड्यांबरोबर समागम करतात, आणि मग त्या नरांपैकी कोणी छाव्यांना हात लावत नाही.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, बायकाच जास्त विचारतात, की ज्याने पिल्लू मारलं त्याच्याचबरोबर ती जाते कशी? टोळीतल्या सगळ्या माद्यांनी एकजुटीने नकार दिला तर? तर उत्तर पुन्हा तेच, एकजूट टिकत नाही. नकार देणारीचं वर्ष वाया जातं, शेजारीण मात्र गाभण राहते, आणि पुढच्या पिढीत शेजारणीचीच पोरं दिसतात. हे वाचून चीड येते, मलाही येते. पण हे वानरांचं आहे, ह्यावरून माणसांच्या घरातल्या सावत्र बापांबद्दल किंवा पुरुषांबद्दल काही ठरवायला जाऊ नका, निसर्गात एखादी गोष्ट का टिकली हे सांगणं म्हणजे तिला पाठिंबा देणं नव्हे.

विरोध, आणि तो गंभीर होता

हर्डीच्या मांडणीवर तुटून पडलेले लोक काही ऐरेगैरे नव्हते. फिलिस जे, ज्या पुढे डॉल्हिनो ह्या नावाने लिहू लागल्या, त्या स्वतः वानरांच्या पहिल्या अभ्यासकांपैकी. त्यांचं आणि रिचर्ड कर्टिन ह्यांचं १९७८ मधलं म्हणणं असं की धारवाड, अबू, जोधपूर ह्या सगळ्या माणसाने बिघडवलेल्या जागा आहेत, इथलं वागणं नैसर्गिक धरू नका. जोधपूरला तर १९७१ मध्येच एस. एम. मोहनोत ह्यांनी पिल्लं मारल्याच्या घटना नोंदल्या होत्या, पण तिथले वानर भाविकांच्या चण्या-फुटाण्यांवर वाढलेले, हेही खरंच. १९९५ मध्ये रॉबर्ट ससमन आणि सहकाऱ्यांनी आणखी टोकाचा प्रश्न विचारला, की माकड-वानरांत पिल्लू मारलं गेल्याच्या प्रत्यक्ष पाहिलेल्या घटना आहेत किती? त्यांच्या मोजणीत ४८ भरल्या, त्यातल्या बऱ्याचशा एकट्या जोधपूरच्या. बाकी सगळं 'नर बदलला आणि पिल्लू दिसेनासं झालं'. मारामारीच्या धुमश्चक्रीत पिल्लू मध्ये सापडून मेलं असेल, असं त्यांचं म्हणणं.

मला हा विरोध मोलाचा वाटतो. आमच्या फणसावरची गोष्टही शेवटी 'दिसेनासं झालं' ह्याच प्रकारातली आहे ना. अशा आक्षेपाला वाद घालून उत्तर मिळत नाही, पुरावा आणावा लागतो.

बिघडलेल्या जागेचा आक्षेप आधी ढासळला. पॉल न्यूटन ह्यांनी १९८६ मध्ये कान्हाच्या जंगलातली नोंद छापली, तिथे कोणी फुटाणे टाकत नाही, गर्दी नाही, आणि तरीही नर बदलल्यावर तेच घडलं. अपघाताचा आक्षेप पडायला १९९९ उजाडलं. नेपाळच्या तराईत रामनगर इथे कॅरोला बोरिस आणि त्यांचे जर्मन सहकारी रानातले वानर वर्षानुवर्षं बघत होते. त्यांनी लेंड्या गोळा केल्या. कोणाला पकडायचं नाही, सुई टोचायची नाही, अमुक वानराने टाकलेली लेंडी उचलायची, नाव लिहायचं आणि जर्मनीतल्या लॅबमध्ये त्यातून डीएनए काढायचा. निकाल असा आला की हल्ला करणारा एकही नर त्या पिल्लाचा बाप नव्हता. आणि ज्यांनी मारल्याचा संशय होता त्या नरांची तपासणी जिथे जिथे करता आली तिथे त्याच मादीच्या पुढच्या पिल्लाचा बाप तेच ठरले. पिल्लू धुमश्चक्रीत अपघाताने मरत असतं तर कधी ना कधी स्वतःच्या पोरालाही दात लागला असता. त्याच टोळ्यांत असंही दिसलं की पिल्लाच्या बाजूने मध्ये पडणारे नर हे बाप तरी होते, नाहीतर निदान गर्भधारणेच्या वेळी टोळीत हजर असलेले, म्हणजे बाप असू शकणारे.

पुढे २०१४ मध्ये लुकास आणि उशार ह्या दोघांनी सस्तन प्राण्यांच्या २६० जाती घेऊन तुलना केली, त्यातल्या ११९ जातींत नर पिल्लं मारत असल्याच्या नोंदी होत्या. जिथे थोडे नर थोड्या काळापुरत्या अनेक माद्या अडवून धरतात तिथे हे जास्त, आणि जिथे माद्या अनेक नरांबरोबर जुगायला लागतात तिथे हळूहळू ते मावळतं. वाघांतही हेच, हद्दीतला नर गेला की नवा नर आधीच्याच्या बछड्यांना सोडत नाही, आपल्याकडे ताडोब्याला जाणारे गाईड हे कोणत्याही पुस्तकाशिवाय सांगतात.

आता आमची टोळी

ह्या सगळ्याचा गावाशी संबंध काय, तर सरळ आहे. गावाने पिंजरा लावून जे केलं ते म्हणजे सुगियामांचाच दुसरा प्रयोग. एकुलता एक नर उचलला की ती जागा काही दिवसही रिकामी राहत नाही, बाहेर टोळकी टपलेलीच असतात, आणि जो येतो तो अनोळखी असतो. पकडलेला नर जिथे सोडला तिथेही एखादी टोळी असेल, आणि तिथे आता हा अनोळखी. म्हणजे एका पिंजऱ्याने दोन ठिकाणची पिल्लं धोक्यात येऊ शकतात. हे माझं अनुमान आहे, पण वर लिहिलेलं सगळं लक्षात घेतलं तर ते हवेतलं नाहीये.

शेतकऱ्याला वानर पोसा असं मी म्हणणार नाही. माडावरची शहाळी, पोफळी, काजू, फणस, मामाचं वर्षाचं नुकसान मी डोळ्याने बघते आणि अंगावर येणारा नर हा खराच धोका आहे, त्याला कधीतरी हलवावंच लागतं. पण केव्हा हलवायचा हे आपल्या हातात असतं. टोळीत काळी पिल्लं असताना नको. पिल्लं राखाडी होऊन, दूध सोडून, स्वतः पानं खात फिरायला लागली की मग लावा पिंजरा, तोवर खरकटं उघड्यावर टाकू नका आणि देवळापाशी केळी चारणाऱ्यांना थांबवा, कारण तो स्वयंपाकघरात शिरायला शिकला तो आपल्याच हातून. पकडायला येणाऱ्यांनी आमच्या गावात टोळीत पिल्लं किती, केवढी, हे विचारलं नव्हतं. गावानेही सांगितलं नव्हतं, कारण त्याचा काही संबंध आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

मामीला मी हे सगळं सांगितलं, तेही सुपाऱ्या सोलता सोलताच. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग ती फणसावरची, तिला परत झालं का गं पोर? मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. पाऊस संपता संपता झालंय म्हणाली, डाव्या कानाला खाच असलेली तीच, आणि तो हुप्प्या त्या पिल्लाला पाठीवर नाचू देतो. मी फोनवर विचारायच्या आधीच आता मामी आकडा सांगते. गेल्या आठवड्यात काळी तीन होती.